बॅच ‘होल्ड’वर गेली, रिॲक्शनचे काय?

प्रति,
मा. संपादक,

विषय : रासायनिक कारखान्यांतील बॅच रेसिपी सॉफ्टवेअर आणि त्यात न लिहिलेला भाग

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानांवर अलीकडे राज्यातील रासायनिक कारखान्यांच्या स्वयंचलनाबद्दल बरेच लिहून येत आहे. त्यात बॅच रेसिपी सॉफ्टवेअरचा उल्लेख बहुधा एकाच सुरात होतो : रेसिपी निवडा, बटण दाबा, माल तयार. मी छत्तीस वर्षे इन्स्ट्रुमेंटेशन (मापन व नियंत्रण उपकरणांच्या) विभागात नोकरी केली आणि तिच्यातील शेवटची सोळा वर्षे मुख्यतः याच रेसिपी लिहिण्यात, दुरुस्त करण्यात आणि कधी कधी रात्री अडीच वाजता शिव्या खात सुरू करण्यात घालवली. त्या अनुभवावरून एकच मुद्दा मांडायचा आहे. बॅच मध्येच थांबली तर पुढे काय करायचे, हा रेसिपीतला सर्वांत महत्त्वाचा भाग असतो आणि आपल्याकडे नेमका तोच भाग कोरा ठेवून सॉफ्टवेअर सुरू केले जाते.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यात माल एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो आणि हे महिनोन्महिने अखंड चालते. औषधांचे घटक, रंग, रेझिन, कीटकनाशके मात्र बहुतेक ठिकाणी घाणे काढावेत तशी एकेका बॅचने तयार होतात. तारापूर, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतील पुष्कळ कारखाने याच पद्धतीने चालतात. एका रिॲक्टरमध्ये (रिॲक्शन घडवण्याच्या टाकीत) आज एक उत्पादन, पुढच्या आठवड्यात दुसरे. प्रत्येक उत्पादनाची कृती वेगळी : कोणता माल किती घ्यायचा, कोणत्या क्रमाने, किती वेगाने, किती तापमानाला, किती वेळ धरून ठेवायचा. ही कृती पूर्वी शिफ्ट इनचार्जच्या वहीत आणि ऑपरेटरच्या डोक्यात असे. आता ती संगणकात असते आणि संगणक तिच्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो, पंप चालवतो, रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये स्टीम किंवा थंड पाणी सोडतो.

सुरुवातीच्या काळात ही कृती आणि यंत्र यांची प्रोग्रॅममध्ये खिचडी झालेली असे. एका उत्पादनाचा एक लांबलचक प्रोग्रॅम, तोही एकाच रिॲक्टरला जखडलेला. उत्पादन दुसऱ्या रिॲक्टरमध्ये न्यायचे झाले की सारा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. जर्मनीतील नामूर या प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेने १९९२ साली यावर एक शिफारस प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये अमेरिकेतील आयएसए या संस्थेने एस-८८ हे मानक आणले आणि १९९७ मध्ये ते आयईसी ६१५१२ या नावाने आंतरराष्ट्रीय झाले. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : कृती वेगळी ठेवा आणि यंत्राची करामत वेगळी ठेवा. ‘ऐंशी अंशांपर्यंत तापवा’ एवढेच कृतीने म्हणावे. त्यासाठी कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा ते त्या रिॲक्टरच्या नियंत्रकाला ठाऊक असावे. कृतीची फोड या मानकात चार पायऱ्यांवर होते. सर्वांत वर संपूर्ण प्रोसीजर, तिच्या खाली एकेका युनिटची प्रोसीजर, मग ऑपरेशन आणि सर्वांत खाली फेज. ‘फॉर्मलीनचे डोझिंग’ (फॉर्माल्डिहाइडचे द्रावण मोजून हळूहळू टाकणे) हा एक फेज झाला, ‘निर्वात करून पाणी काढणे’ हा दुसरा. सिमॅटिक बॅच, डेल्टाव्ही बॅच, फॅक्टरीटॉक बॅच ही आज बाजारात असलेली सॉफ्टवेअर याच चौकटीवर उभी आहेत.

माझा मुद्दा या फेजपाशी सुरू होतो. मानकाप्रमाणे फेजला फक्त ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ एवढ्याच अवस्था नसतात. तो होल्डवर (तात्पुरत्या थांब्यावर) जाऊ शकतो, होल्डवरून पुन्हा सुरू होऊ शकतो, थांबवला जाऊ शकतो किंवा तातडीने सोडून दिला (अबॉर्ट केला) जाऊ शकतो. या प्रत्येक अवस्थेत जाताना काय करायचे, हे लिहिण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी जागा ठेवलेली असते. जागा मानकाने दिली आहे. मजकूर मात्र कारखान्याने लिहायचा असतो, कारण रसायन कारखान्याचे आहे. प्रत्यक्षात घडते असे की प्रकल्प उशिरा चाललेला असतो, पुरवठादाराचा तरुण इंजिनीअर हॉटेलात राहून दिवसरात्र काम करत असतो आणि त्याच्या हाती सरळ चाललेल्या बॅचचा एक फ्लोचार्ट दिलेला असतो. होल्डमध्ये काय लिहू, असे त्याने विचारले तर उत्तर मिळते, ‘सगळे बंद कर.’ ऐकायला ते सुरक्षित वाटते. म्हणून तो सगळे आउटपुट शून्य करतो आणि पुढच्या फेजकडे वळतो.

याचा अर्थ मला एका पावसाळी रात्री कळला. कारखान्याचे नाव येथे सांगण्याची गरज नाही. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनची बॅच होती, म्हणजे स्वतःच उष्णता सोडणारी रिॲक्शन. फिनॉल आणि कॅटॅलिस्ट रिॲक्टरमध्ये होते, फॉर्मलीनचे डोझिंग साधारण अर्ध्यावर आले होते आणि विजेला झटका बसला. डीजी सेट (डिझेल जनरेटर) काही सेकंदांत आला, नियंत्रक युपीएसवर असल्याने तो जागाच होता आणि त्याने, त्याला शिकवल्याप्रमाणे, बॅच होल्डवर टाकली. डोझिंगचा पंप थांबला हे योग्यच झाले. पण त्याबरोबर ॲजिटेटर (माल ढवळणारे यंत्र) थांबला आणि जॅकेटच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्हही बंद झाला, कारण आमच्या प्रोग्रॅममध्ये होल्डचा अर्थ ‘सगळे बंद’ एवढाच लिहिला होता. पडद्यावर पिवळ्या रंगात ‘हेल्ड’ असे शांतपणे झळकत होते. तापमानाचा आलेख मात्र वर चालला होता.

त्या रात्री वेळ निभावली ती पॅनलवरच्या ऑपरेटरमुळे. आयटीआयमधून केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड करून आलेले, पंचवीस वर्षे त्याच रिॲक्टरवर उभे राहिलेले ते गृहस्थ. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांनी पडद्याकडे पाहिले, खाली धावले आणि थंड पाण्याचा हाताचा बायपास उघडला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, खरे तर केली नाही : वीज आल्याबरोबर त्यांनी ॲजिटेटर सुरू केला नाही. तापमान वळेपर्यंत थांबले, मग ॲजिटेटर थोडा थोडा, सुरू करून पुन्हा बंद करत, सावकाश फिरवला. सकाळी मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, डोझिंग थांबलं म्हणजे रिॲक्शन थांबली असं कुठंय?’ मामांचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून होते. टाकलेले पण अजून न जळलेले (म्हणजे रिॲक्शन न झालेले; आम्ही असेच म्हणतो) फॉर्मलीन रिॲक्टरमध्ये साचलेले असते. ढवळणे बंद पडले की ते एकीकडे राहते आणि ॲजिटेटर एकदम फिरवला की सगळे एकाच वेळी भिडते. म्हणजे होल्ड जितका धोक्याचा, त्याहून होल्डनंतरचा रिस्टार्ट धोक्याचा असू शकतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये रिस्टार्टच्या रकान्यात एकच ओळ होती : सगळे पूर्ववत सुरू करा.

थांबणे हीसुद्धा एक क्रिया आहे, हे जगाला सर्वांत महागात शिकवले ते इटलीतील सेव्हेसोने. १० जुलै १९७६, शनिवार. मिलान शहराच्या उत्तरेस मेडा येथील इक्मेसा कंपनीच्या कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉलची बॅच चालू होती. शनिवार-रविवारी कारखाना बंद ठेवायचा असल्याने पहाटे बॅच अर्धवट अवस्थेत सोडण्यात आली. एथिलीन ग्लायकॉल हा द्रावक ऊर्ध्वपातनाने जेवढा काढायचा होता त्याचा थोडाच भाग निघाला होता. स्टीम बंद केली, काही मिनिटांनी ॲजिटेटर बंद केला, नेहमीप्रमाणे पाणी घालून माल थंड करायचे राहिले आणि पाळी संपवून माणसे निघाली. द्रवाचे तापमान तेव्हा १५८ अंश सेल्सिअस होते आणि त्या तापमानाला धोका नाही, अशी समजूत होती. पण तापवण्यासाठी वापरलेली स्टीम टर्बाइनमधून येत होती आणि बाकीचा कारखाना बंद होत चालल्याने टर्बाइनवरचा भार उतरून ती स्टीम सुमारे ३०० अंशांपर्यंत तापली होती. द्रवाच्या पातळीवरची रिॲक्टरची भिंत तेवढी गरम झाली. ढवळणे बंद असल्याने ती उष्णता वरच्या पातळ थरातच कोंडली, तिथे संथ प्रक्रिया सुरू झाली आणि दुपारी साडेबारानंतर, म्हणजे माणसे निघून गेल्यावर सुमारे साडेसहा तासांनी, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) फुटली. डायॉक्सिन या विषारी रसायनाचा ढग सेव्हेसो गावावर गेला. युरोपात १९८२ साली औद्योगिक अपघातांविषयीचा जो कायदा झाला तो या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्या शनिवारी पहाटे कोणीही चुकीचा व्हॉल्व्ह उघडला नव्हता; माणसांनी बॅच ‘होल्ड’वर टाकली होती, एवढेच.

आमच्या कारखान्यात त्या रात्रीनंतर व्यवस्थापनाने अकरा दिवस उत्पादन थांबवून रेसिपी पुन्हा लिहायला परवानगी दिली, हे त्यांचे उपकार मी मानतो. आम्ही एका टेबलाभोवती बसलो : प्रोसेस इंजिनीअर, मी, प्रयोगशाळेतील एक केमिस्ट, मामा आणि पुरवठादाराचा तो तरुण. प्रत्येक फेजसाठी कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात, हा फेज या क्षणी थांबला तर रिॲक्टरच्या आत काय चालू राहील. दुसऱ्यात, त्यासाठी कोणते यंत्र चालूच ठेवले पाहिजे. तिसऱ्यात, पुन्हा सुरू करण्याआधी कोणती गोष्ट तपासून खात्री करायची आणि ती कोण करणार. डोझिंगच्या फेजमध्ये होल्डचा नवा अर्थ ठरला : पंप बंद, थंड पाणी पूर्ण उघडे, ॲजिटेटर चालू, आणि ॲजिटेटर दहा सेकंदांहून अधिक थांबला असेल तर तो आपोआप सुरू होणार नाही, तापमान उतरल्यावर इनचार्जच्या मंजुरीने टप्प्याटप्प्याने सुरू होईल. कंडेन्सरचे (वाफ थंड करणाऱ्या उपकरणाचे) पाणी आणि ॲजिटेटर डीजी सेटच्या तातडीच्या फीडरवर घेतले. रेसिपीत चौदा फेज होते. सरळ चाललेल्या बॅचचे वर्णन पाच पानांत मावत होते. होल्ड, रिस्टार्ट आणि अबॉर्टच्या वर्णनाला सव्वीस पाने लागली. रेसिपीचा खरा आकार मला तेव्हा दिसला. निर्वात करून पाणी काढण्याच्या फेजमध्ये होल्ड म्हणजे आधी निर्वात हळूहळू तोडायचे की स्टीम आधी बंद करायची, यावर अख्खी दुपार वाद झाला आणि तो वाद कागदावर झाला याचे मला आजही समाधान आहे.

याच संदर्भात या सॉफ्टवेअरच्या एका सोयीबद्दल सावध करावेसे वाटते. बॅचचा आकार बदलला की सगळे घटक त्या प्रमाणात आपोआप वाढवून देण्याची सोय त्यात असते. हिशेबाला ती उत्तम आहे. परंतु रिॲक्टरचे घनफळ दुप्पट केले तर उष्णता काढून घेणारा त्याचा पृष्ठभाग साधारण १.६ पटच होतो. आणि त्याच रिॲक्टरमध्ये अधिक माल भरला तर थंड करण्याची क्षमता जवळपास तेवढीच राहून उष्णता मात्र वाढते. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीत १९ डिसेंबर २००७ रोजी झालेल्या स्फोटात चार माणसे गेली. तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसले की बेचाळिसाव्या बॅचपासून बॅचचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढवला गेला होता आणि थंड करण्याच्या व्यवस्थेला पर्याय नव्हता. स्फोट झाला तो एकशे पंच्याहत्तराव्या बॅचला. मधल्या शंभराहून अधिक बॅच पार पडल्या म्हणून आकड्यातला तो बदल निर्धोक ठरत नव्हता. थंड पाणी बंद पडण्याचा दिवस तेवढा यायचा होता. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल करायला एक रकाना आणि एक ‘ओके’ पुरतो. आकार बदलला की होल्डची पानेही पुन्हा तपासली पाहिजेत, असा नियम मी तरी एकाच कारखान्यात पाहिला.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात. पहिला असा की सुरक्षेसाठी स्वतंत्र इंटरलॉक (धोका दिसताच आपोआप यंत्र बंद करणारी व्यवस्था) असतात, मग रेसिपीची एवढी चिंता कशाला? इंटरलॉक रेसिपीपासून वेगळे असावेत, हे निर्विवाद आहे. पण इंटरलॉक करतो काय? तो काहीतरी बंद करतो. म्हणजे तोही बॅच मध्येच थांबवतो आणि त्यानंतर रिॲक्टरच्या आत उरलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा आपल्याच दारात येऊन उभा राहतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन रिॲक्टरच्या छोट्या कारखान्याला महागडे बॅच पॅकेज परवडत नाही, हे खरे आहे. त्याने ते घेऊच नये. साध्या पीएलसीवर (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकावर) किंवा अगदी हाताने चालणाऱ्या रिॲक्टरवरही तीन रकान्यांचा कागद तेवढाच लागू पडतो. त्याला लागतात ते चार जाणकार आणि काही दुपारी.

औषध कारखान्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांना तेथील १९९७ पासूनच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमांमुळे, आणि आता आपल्याकडील औषधनिर्मितीच्या नियमांतील सुधारित शेड्यूल एममुळे, कोणी कधी काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. रंग, रेझिन, कीटकनाशकांच्या अनेक कारखान्यांत अशी सक्ती नसल्याने इंजिनीअरच्या लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे. परंतु औषध कारखान्यांनीही निर्धास्त राहू नये. ऑडिट ट्रेल, म्हणजे ही बदलांची नोंद, होल्डचे बटण कोणी दाबले ते मिनिट-सेकंदासह सांगतो. होल्डमध्ये थंड पाणी बंद होणे बरोबर होते का, हे तो सांगत नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी सह्यांच्या पानांवर जेवढा वेळ घालवला त्याचा दहावा हिस्साही त्या तर्कावर घालवलेला मला आठवत नाही.

पडद्यावरच्या संदेशांविषयीही लिहिले पाहिजे. बॅच अडकली की ऑपरेटरपुढे एखादा क्रमांक आणि आडवीतिडवी इंग्रजी संक्षेपांची ओळ येते. हे संदेश आपल्याला हव्या त्या भाषेत लिहिता येतात. ते लिहिण्याचा कंटाळा केला जातो. आमच्याकडे आम्ही ते मराठीत आणि हिंदीत लिहिले, कारण पाळीवर अर्धी मुले बिहार आणि ओडिशातून आलेली होती : ‘डोझिंग थांबले आहे. थंड पाणी चालू आहे का, खाली जाऊन पाहा. ॲजिटेटर सुरू करू नका.’ पुरवठादाराने आधी नाक मुरडले. पुढे त्याच वाक्यांच्या प्रती त्याने दुसऱ्या एका ग्राहकाकडे नेल्या, असे कानावर आले; मला त्याचा आनंदच झाला.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विनंती आहे की रासायनिक कारखान्यांची तपासणी करताना बॅच रेसिपीचा होल्ड आणि रिस्टार्टचा भाग लेखी स्वरूपात मागावा. धोक्यांचा अभ्यास, ज्याला आपण हॅझॉप म्हणतो, तो बॅच प्रक्रियेत केवळ पाइप आणि व्हॉल्व्हच्या नकाशावर करून भागत नाही. तो रेसिपीच्या पायरीपायरीवर करावा लागतो. त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘लवकर’, ‘उशिरा’, ‘आधी’, ‘नंतर’ हे शब्द मुद्दाम यासाठीच दिलेले आहेत. आपल्याकडच्या अहवालांत मात्र ‘जास्त दाब’ आणि ‘कमी प्रवाह’ यांनीच पाने भरलेली असतात. कारखानदारांना विनंती अशी की सॉफ्टवेअर ताब्यात घेताना पुरवठादाराकडून बॅच एकदा सरळ चालवून घेण्यावर समाधान मानू नये. पाण्याने भरलेल्या रिॲक्टरवर प्रत्येक फेजमध्ये मुद्दाम वीज घालवावी, मुद्दाम होल्ड द्यावा आणि कोणता व्हॉल्व्ह कुठे गेला ते खाली उभे राहून डोळ्यांनी पाहावे. आम्हाला या चाचणीला चार दिवस लागले आणि तीत नऊ चुका सापडल्या. त्यांपैकी दोन मामांनी काढल्या.

जे वाचक अशा कारखान्यात काम करतात त्यांना उद्याच्या पाळीतच एक गोष्ट करता येईल. आपल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पॅनलवर बोलवावे आणि विचारावे : डोझिंग चालू असताना बॅच होल्डवर गेली तर ॲजिटेटर काय करतो, थंड पाणी काय करते आणि पुन्हा सुरू करण्याआधी हा पडदा मला काय विचारतो? उत्तर तोंडी मिळाले तर ते कागदावर मागून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता,
जि. रायगड